महावेलीकाठचा महावेळू

श्रीलंकेच्या मध्यभागी, कँडी नामक जुन्या राजधानीपासून अवघ्या सहा-एक किलोमीटरांवर, महावेली नदी असे काही डौलदार वळण घेते, की तीन बाजूंस पाणी आणि चौथ्या बाजूस राजरस्ता अशी सुमारे १४७ एकरांची भूमी तिच्या कुशीत आपोआप वेगळी पडली आहे. जगातील वनस्पतिशास्त्रज्ञांस पेरादेनियाचे शाही उद्यान म्हणून ठाऊक असलेले स्थळ ते हेच. आपल्याकडून कँडीस जाणारा प्रवासी बहुधा दंतमंदिराचे दर्शन घेऊन, तळ्याकाठी एक फेरी मारून, उरल्यासुरल्या तासाभरात या उद्यानाच्या फाटकाशी येऊन पोचतो, आर्किडांच्या काचगृहात थोडा वेळ रेंगाळतो, ताडांच्या रांगेपुढे उभा राहून आपले छायाचित्र काढवून घेतो आणि समाधानाने परत फिरतो. नदीकाठी जी महावेळूंची बेटे उभी आहेत, त्यांच्यापर्यंत जाण्याचे त्राण तोवर त्याच्या पायांत उरलेले नसते; आणि जो तेथवर जातो तोही मान वर करून शेंडा पाहतो, उंचीबद्दल एखादा उद्गार काढतो आणि वळतो. या वेळूचे खरे रहस्य त्याच्या बुडाशी आहे, शेंड्याशी नाही, एवढे एकच सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

कोलंबोच्या फोर्ट स्थानकावरून निघालेली आगगाडी प्रारंभीचा बराच वेळ भातखाचरे, केळी, सुपारी आणि नारळीच्या वाड्या यांमधून जाते, आणि कोकणातील माणसास तो सारा मुलूख इतका परिचित वाटतो की समुद्र ओलांडून आल्याचे त्याला विसरच पडावा. रंबुक्कन स्थानक मागे पडले म्हणजे मात्र चढण लागते, बोगदे सुरू होतात, एका अंगास उभा कडा आणि दुसऱ्या अंगास खोल दरी असा कडुगन्नावचा घाट गाडी सावकाश चढू लागते. आमच्या बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि कँडीपर्यंतचा हा मार्ग १८६७ मध्ये. दोन्हींच्या मागे बंदराकडे माल नेण्याची एकच निकड होती, तिकडे कापूस आणि इकडे कॉफी. पुढे दोनच वर्षांनी सिंहलद्वीपातील कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसू लागला, दोन-अडीच दशकांत मळेच्या मळे उजाड झाले, त्यांच्या जागी चहा आला, आणि कॉफीसाठी बांधलेल्या त्या रुळांवरून चहाच्या पेट्या उतरू लागल्या. घाटमाथा ओलांडल्यावर पेरादेनियाचे जंक्शन लागते. तेथून एक फाटा कँडीस आणि दुसरा बदुल्लच्या उंच डोंगराळ भागाकडे जातो. उद्यानासाठी येणाऱ्याने कँडीपर्यंत जाऊन परत येण्यापेक्षा येथेच उतरून घेणे सोयीचे.

या जागेला राजाश्रय प्राचीन काळापासून लाभलेला आहे. १३७१ मध्ये तिसऱ्या विक्रमबाहूने येथे दरबार भरवल्याची नोंद सांगतात. अठराव्या शतकात कीर्तिश्री राजसिंहाच्या कारकीर्दीत येथे राजोद्यान होते. १८१५ च्या मार्चमध्ये कँडीचा तहनामा झाला, शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह कैद होऊन आपल्या वेल्लोरच्या किल्ल्यात आला आणि तेथेच त्याचा अंत झाला. राज्याबरोबर राजाची बागही इंग्रजी अंमलाखाली गेली. १८२१ मध्ये अलेक्झांडर मून या अधीक्षकाने कळुतर येथील सरकारी बाग हलवून येथे आणली, आणि आरंभी जी जमीन साफ केली तिच्यात दालचिनी व कॉफी लावली, यावरून कंपनीच्या शेजारी नांदणाऱ्या त्या सरकारला वनस्पतिशास्त्रात गोडी कशापायी होती हे निराळे सांगावयास नको. परंतु न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, मूनच्या मागून आलेल्या गार्डनर, थ्वेट्स आणि ट्रायमेन या विद्वानांनी त्या महसुली बागेची विद्यापीठे हेवा करतील अशी प्रयोगशाळा बनवली. थ्वेट्सने एकट्याने तीस वर्षे हा कारभार सांभाळला. देशोदेशींच्या बागांशी बी-रोपांची देवघेव करण्याचा जो प्रघात त्या काळी पडला होता, त्याच प्रघातातून ब्रह्मदेशाकडील हा अजस्र वेळू महावेलीच्या काठी येऊन रुजला.

शास्त्रात याला डेंड्रोकॅलॅमस जायगँटियस म्हणतात. सिंहली लोक योध उण म्हणतात आणि ब्रह्मी लोक वाबो. विल्यम मन्रो नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने, पलटणीची नोकरी सांभाळून गवतांचा आजन्म अभ्यास केला आणि १८६८ मध्ये वेळूंवर जो प्रबंध लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे ठेवला, त्यात या जातीची आज प्रचलित असलेली शास्त्रीय मांडणी आढळते. तिचे मूळचे घर दक्षिण ब्रह्मदेश, उत्तर सयाम आणि चीनचा युन्नान प्रांत. साधारणतः ऐंशी ते शंभर फूट आणि अनुकूल ठिकाणी त्याहूनही अधिक उंची, बुडाशी वीतभर किंवा त्याहून अधिक व्यास, आणि भिंतीची जाडी सुमारे इंचभर, अशी ही मापे आहेत. युन्नानमध्येच याचा एक भाऊबंद आहे, ज्याचे शास्त्रीय वर्णन १९८२ मध्ये झाले. तो जाडीत याच्याहीपुढे जातो असे म्हणतात. तथापि शंभर वर्षांहून अधिक काळ ज्याला पाहून परदेशी प्रवासी चकित होत आले तो हाच. जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल १८८१ च्या अखेरीस सिंहलद्वीपास आला होता. पेरादेनियाच्या वेळूंचे त्याने आपल्या प्रवासपत्रांत जे वर्णन केले, त्यामुळे युरोपातील घराघरांत या बेटांची कीर्ती पोचली.

मराठी वाचकाला या पाहुण्याची ओळख पटवून देण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याचे गोत्र सांगणे. आपल्या मेळघाटात, चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत जो मानवेल उगवतो, ज्याच्या भरीव काठीने पोलिसाची लाठी होते आणि गुराख्याचा दांडाही, तो मानवेल या महावेळूचा सख्खा गोत्रज आहे. दोघेही डेंड्रोकॅलॅमस याच कुळीचे. एक कोरड्या, खडकाळ डोंगरावर चार-सहा महिने पाण्यावाचून तग धरणारा, म्हणून अंग आवळून भरीव राहिलेला; दुसरा बारमाही ओलाव्यात वाढणारा, म्हणून मोकळेपणाने पोकळ आणि प्रचंड झालेला. आपल्याकडे जाडीत त्याच्या जवळपास जाणारा एकटा काटेरी कळक. पण तो दुसऱ्या शाखेचा, आणि त्याच्या बेटात हात घालणाऱ्यास रक्त दिल्यावाचून सुटका नाही. महावेळूला काटा नाही. त्याच्या बेटाशी निर्धास्त उभे राहता येते, आणि म्हणूनच पुढे सांगावयाचे नुकसानही त्याच्या वाट्यास आले आहे.

नदीकडे जाणारी पायवाट धरली की काही वेळाने मागचे ताटवे आणि माणसांचे आवाज मागे राहतात, डोक्यावर वटवाघळांचा गलका ऐकू येतो, कारण उंच झाडांच्या फांद्यांना उलटी लटकून दिवसभर भांडणारी मोठी फळभक्षी वटवाघळे या उद्यानात हजारोंनी आहेत. आणि मग अकस्मात एका प्रचंड, करड्या-हिरव्या भिंतीपुढे आपण येऊन उभे राहतो. प्रथमदर्शनी या खांबांच्या गर्दीत व्यक्ती ओळखू येत नाही. थोडा वेळ उभे राहून डोळा स्थिरावला म्हणजे भेद दिसू लागतो: बेटाच्या मध्यभागी राखाडी, शेवाळलेले, पांढऱ्या डागांनी भरलेले जुने वेळू, त्यांच्या भोवती गडद हिरवे, कडक, निबर झालेले, आणि अगदी बाहेरच्या कडेस यंदाचे, ज्यांच्या अंगावर मेणचट पांढुरकी पूड अजून तशीच आहे आणि ज्यांच्या पेरांवर तपकिरी आवरणे चिकटून आहेत. खालच्या गाठींभोवती आखूड, रुक्ष मुळांचे वेढे असतात. जमिनीवर गळून पडलेली आवरणे हातभर रुंद, आणि पाठीवर काळपट बारीक केस. ते बोटांत शिरले की तासभर खाज थांबत नाही, तेव्हा उचलून पाहण्याचा मोह आवरावा. वारा सुटला की उंचावर वेळूवर वेळू घासून दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरणारा एक दीर्घ आवाज येतो आणि अधूनमधून पोकळ ठोका पडतो.

आता बुडाकडे. पावसाच्या दिवसांत, म्हणजे नैऋत्य मोसमी वारे सुरू होऊन जमीन पुरती भिजल्यावर, बेटाच्या बाह्य कडेला माती फुगते, तडकते आणि तिच्यातून एक कोंब डोके वर काढतो. या कोंबाविषयी एक गोष्ट समजली की बाकीचे सारे उलगडते: तो जितका जाड म्हणून जमिनीबाहेर येतो तितकाच जाड जन्मभर राहतो. आंब्याचे किंवा सागाचे खोड वर्षानुवर्षे थरावर थर चढवीत रुंदावत जाते, तसा थर निर्माण करणारी पेशींची मांडणीच वेळूला नाही, कारण तो झाड नसून भात, ज्वारी आणि ऊस यांच्या वंशातील गवत आहे. कोंबाच्या आत त्याच्या सर्व गाठी आधीच एकीवर एक दाटून बसलेल्या असतात. मिटलेली दुर्बीण नळीतून नळी काढीत लांबवावी त्याप्रमाणे प्रत्येक पेर खालून वर क्रमाक्रमाने ताणले जाते, आणि ते ताणले जात असताना कोवळे राहते म्हणून त्याच्याभोवती ते खरबरीत आवरण पहाऱ्यास असते. पेराची मुदत संपली, ते निबर झाले, की पहारा उठतो आणि आवरण खाली पडते. अशा रीतीने तीन-चार महिन्यांत शंभर फुटांचा मनोरा उभा राहतो. त्यानंतर फांद्या फुटतात, पाने येतात. उंची मात्र एक अंगुळही वाढत नाही. पुढची दोन-तीन वर्षे जी जातात ती केवळ लाकूड पक्के होण्यात.

मी गेलो तेव्हा पावसाळा उतरणीस लागला होता, तरी काही कोंब अजून चढतीवर होते. बेटाभोवतीचा पालापाचोळा ओढणाऱ्या एका वृद्ध माळ्याने माझे निरीक्षण काही वेळ न्याहाळले आणि मग आपण होऊन जवळ आला. ‘‘महत्तया, उद्या सकाळी या,’’ तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, आणि पुरुषभर उंचीच्या एका कोंबाशेजारी त्याने हातातील काटकी रोवून तिच्या टोकाशी कोंबाचा शेंडा जुळवून दाखवला. दुसऱ्या दिवशी फाटक उघडताच मी तेथे गेलो. शेंडा काटकीच्या वीतभर वर गेला होता. ‘‘रात्री जास्त,’’ म्हातारा म्हणाला, ‘‘दिवसा ऊन, रात्री पाणी.’’ त्याने हे कोणत्या ग्रंथात वाचलेले नव्हते हे उघड आहे. परंतु याच उद्यानात नेमका हाच प्रश्न एका विद्वानाने शास्त्रीय काटेकोरपणे सोडवून ठेवलेला आहे.

त्या विद्वानाचे नाव रॉबर्ट हीथ लॉक. केंब्रिजहून आलेल्या या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने पेरादेनियाच्या महावेळूंचे कोंब रात्रंदिवस मोजले, हवेतील आर्द्रतेच्या नोंदी त्यांच्या शेजारी मांडल्या, आणि १९०४ मध्ये उद्यानाच्याच वार्षिक ग्रंथात जो दीर्घ निबंध प्रसिद्ध केला, त्यात वाढीचा वेग आणि हवेतील ओलावा यांचे नाते उलगडून दाखवले. दिवसा बेटातील लक्षावधी पाने हवेत पाणी सोडीत असतात, त्यामुळे कोंबाच्या वाट्यास येणारे पाणी तुटपुंजे होते आणि त्याची वाढ मंदावते. सायंकाळी हवा ओली झाली, पानांचा खर्च थांबला, की मुळांच्या जोराने चढणारे पाणी कोंबात भरते आणि पेरे ताणली जातात. चांगल्या दिवसांत चोवीस तासांत फुटाहून अधिक वाढ या जातीत नोंदलेली आहे. जपानमध्ये धावत्या मुळांच्या एका वेळूने याहून मोठा विक्रम केला आहे खरा. पण विक्रमांच्या शर्यतीपेक्षा लॉकच्या त्या कोरड्या आकडेवारीत मला अधिक गोडी वाटते. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांवर, वर्षातील सुमारे दोनशे दिवस पाऊस, आणि पायथ्याशी बारमाही नदी: हा वेळू येथे का फोफावला याचे उत्तर या तीन बाबींत पुरेपूर आहे.

पण कोंबाला अन्न कोण पुरवते? त्याच्या अंगावर एकही पान नसताना तो शंभर फूट चढतो, तेव्हा हा खर्च दुसऱ्या कोणाच्या खात्यावर पडत असला पाहिजे. तो पडतो त्या आतल्या निबर वेळूंवर आणि त्यांच्या बुडाशी मातीत दडलेल्या कंदांवर. काही वेळूंचे कंद लांब, बारीक आणि भटके असतात; जमिनीखालून दूरवर धावत जाऊन ते भलत्याच ठिकाणी कोंब काढतात, आणि युरोप-अमेरिकेत बागवानांनी शेजाऱ्यांशी कज्जे करावेत इतका उपद्रव देतात. महावेळूचा कंद त्याउलट आखूड, जाड आणि आकड्यासारखा वळलेला असतो. तो मातृकंदाला चिकटूनच बाहेरच्या अंगास वाढतो आणि लगेच शेंडा वर करून वेळू होतो. पुढल्या वर्षी त्याच्या अंगावरील डोळ्यांतून त्याचे अपत्य त्याच्याही बाहेर. म्हणजे बेटाचा मध्य सर्वांत जुना आणि परीघ सर्वांत नवा, आणि सारे बेट म्हणजे मातीखाली एकमेकांत गुंतलेला एकच देह. वरून वेगवेगळे दिसणारे हे खांब खाली अखंड आहेत. मधल्या जुन्यांनी सूर्यप्रकाशावर वर्षभर कमावलेले सत्त्व कडेच्या नवजातांकडे वळते. म्हणून अविचाराने जुने सारे तोडले तर पुढील वर्षीचे कोंब किरकोळ निघतात, आणि काहीच तोडले नाही तर मध्य कुजक्या खांबांनी कोंदून जातो. आपल्या जंगलखात्याच्या जुन्या नियमांत चालू वर्षाच्या वेळूस हात न लावण्याचा, पावसात तोड बंद ठेवण्याचा आणि घोड्याच्या नालेच्या आकाराने आत शिरून मधले पक्के वेळू काढण्याचा जो हुकूम असे, त्याच्या मुळाशी हेच शास्त्र आहे. ठेकेदार तो पाळीत नसत ही गोष्ट वेगळी. बाहेरून सोपे सापडेल ते कापावे आणि आतले कुजू द्यावे, हीच वहिवाट.

पेरादेनियातील बेटांवर कुऱ्हाडीचे भय नाही, भय आहे ते नाव कोरणाऱ्यांचे. हात पोचेल तेथवर वेळूंच्या गुळगुळीत अंगावर नावे, बाण टोचलेली हृदये आणि तारखा यांची अशी दाटी झाली आहे की काही पेरांवर हिरवा रंग शोधावा लागतो. या लेखकूंना एक ठाऊक नसावे: वेळूला जखम भरून काढता येत नाही. झाडाच्या सालीवरचा ओरखडा कालांतराने नव्या लाकडाखाली झाकला जातो. वेळूच्या अंगावरील अक्षर, तो जिवंत असेतोवर, त्याच उंचीवर, त्याच आकाराचे, जसेच्या तसे उघडे राहते, आणि त्या चिरेतून बुरशी आत शिरते. उद्यानाच्या व्यवस्थापनाने पाट्या लावलेल्या आहेत. त्या पाट्यांवरही नावे कोरलेली मी पाहिली.

ब्रह्मदेशात, जेथे हा वेळू घरचा आहे, तेथे त्याचा मान उपयोगाने ठरतो. एकेक पेर म्हणजे तळ असलेले आयते भांडे. गाठीखाली एक काप, वरच्या गाठीखाली दुसरा, की घागर तयार. पाणी वाहून आणणे, धान्य साठवणे, तराफे बांधणे, घरांचे खांब, होड्यांची शिडे उभी करण्याच्या डोलकाठ्या, या साऱ्यांस तो चालतो. कोवळे कोंब उकळून, पाणी टाकून खातात. न उकळता खाल्ल्यास त्यांतील विषारी अंश बाधतो, हे आपल्या विदर्भातील वास्ते आणि गोव्याकडील किल्ल रांधणाऱ्या बायकांस वेगळे शिकवावे लागत नाही. आणि या ठिकाणी इतिहासाने एक विलक्षण योग जुळवून आणला होता. १९४४ मध्ये लॉर्ड माउंटबॅटन याने आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे मुख्य ठाणे दिल्लीहून कँडीस हलवले आणि त्याचे दफ्तर या पेरादेनियाच्या उद्यानातच थाटले. फुलझाडांच्या मधोमध झोपड्या आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. नकाशे पसरून जपान्यांच्या ताब्यातील ब्रह्मदेश परत जिंकण्याचे आराखडे तेथे रात्रंदिवस ठरू लागले. ज्या अरण्यांतून तो रक्तपात व्हावयाचा होता, त्याच अरण्यांतील वेळू त्या कचेऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर, नदीच्या पाण्यावर वाढत होते. अधिकाऱ्यांपैकी कितींनी तिकडे मान वळवली असेल, कोण जाणे.

वेळू फुलला की मरतो, हे खेड्यातील मुलालाही माहीत असते. महावेळूच्या फुलोऱ्याची मुदत कित्येक दशकांची आहे, ती अनेक माणसांच्या कार्यकालापेक्षा मोठी असते, आणि त्यामुळे बागेत एकदा बेट रुजले की ते सनातनच आहे असा समज होतो. मात्र फुलोऱ्याची किंमत कळण्यास मिझोरामकडे पाहावे. तेथील एक निराळा वेळू सुमारे ४८ वर्षांनी सर्वत्र एकदम फुलतो. त्याच्या फळांवर उंदरांची संख्या बेसुमार वाढते, फळे संपताच ते उंदीर भाताच्या शेतांवर तुटून पडतात. १९५८-५९ च्या तशा फुलोऱ्यानंतर पडलेल्या दुष्काळात सरकारी मदत वेळेवर पोचली नाही. त्या वेळी अन्नवाटपासाठी निघालेली संघटना पुढे राजकीय पक्ष झाली आणि १९६६ मध्ये तिने बंड पुकारले. एका गवताला आलेली फुले आणि त्यातून वीस वर्षांचा संघर्ष, असा कार्यकारणभाव इतिहासाच्या पुस्तकांत सहसा भेटत नाही.

आता एक स्पष्ट मत. अलीकडे आपल्याकडे वेळूची चलती आहे. सरकारने २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती करून जंगलाबाहेर लावलेल्या वेळूस ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळले, त्यामुळे स्वतःच्या शेतातील काठी तोडण्यास व नेण्यास शेतकऱ्यावर जो परवान्यांचा जाच होता तो गेला. त्याआधी २०११ मध्ये गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने आपल्या सामूहिक वनातील वेळूवरचा हक्क प्रत्यक्ष वहिवाटीत आणून दाखवला होता. दोन्ही गोष्टी स्तुत्य. पण या उत्साहाच्या भरात, जेवढा वेळू मोठा तेवढे उत्पन्न मोठे अशा हिशोबाने अजस्र जातींची रोपे मागवून ती देशावरच्या कोरडवाहू माळांवर लावण्याचे सल्ले जे दिले जातात, ते ऐकताना मला लॉकची आकडेवारी आठवते. ज्या हवेत वर्षातील आठ महिने दमटपणाचा लवलेश नाही तेथे महावेळूला तो ज्या उंचीसाठी प्रसिद्ध आहे ती उंची गाठता येणार नाही, आणि त्याला पाटाचे पाणी देऊन जगवणे म्हणजे उसाच्या चुकीची पुनरावृत्ती आहे. देशावर मानवेल, दक्षिण कोकणात कुडाळ-सावंतवाडीकडचा माणगा, आणि जेथे जमीन व पाऊस दोन्ही उदार असतील तेथे कळक, हा क्रम पूर्वजांनी उगाच लावलेला नाही. पुण्याच्या बुरूड आळीत सुपे-टोपल्या विणणाऱ्याला विचारा; त्याला इंचभर जाड भिंतीचा खांब नको असतो, त्याला हवी असते ती लांब पेराची, सुतासारखी निघणारी, लवचिक कांब. कारागिराच्या हाताशी जुळणारी जात आणि जमिनीच्या ओलीशी जुळणारी जात, या दोन कसोट्यांवर पेरादेनियाचा हा राजा महाराष्ट्रातील बहुतेक ठिकाणी नापास होतो. त्याचे कौतुक त्याच्या घरी जाऊन करावे.

जाणाऱ्या वाचकास व्यवहाराच्या दोन सूचना. कोंब पाहावयाचे असतील तर पावसाळाच निवडावा. कोरड्या महिन्यांत बेटे भव्य दिसतील, परंतु वाढ दिसणार नाही. छत्री बरोबर असावी, आणि शक्य झाल्यास मुक्काम पेरादेनियातच करावा, म्हणजे एखाद्या कोंबाशी संध्याकाळी खूण करून ती दुसऱ्या सकाळी तपासता येईल. ताडांची रांग आणि आर्किडे दुपारीही तशीच असतात. फाटक सकाळी साडेसातला उघडते. आत शिरताच थेट नदीकाठ गाठावा, आणि बेटापुढे उभे राहिल्यावर मान वर करण्याआधी एकदा खाली मातीकडे पाहावे.